आत्तींच्या पंचाहत्तरीची बेचाळीस कार्डं

आषाढात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की आधी एकच प्रश्न येतो, "पाणी किती फुटांवर हाय?" राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी, हे आमच्या पेठेतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मी कार्डं करायला बसले तेव्हा पाणी ३६ वर होतं आणि चढत होतं. भिंतींना ओल आलेली, कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत खडे झालेले. कागदाचं काम हाती घ्यायला याहून वाईट दिवस वर्षात सापडणार नाहीत. पण आत्तींचा वाढदिवस नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी येतो, तो काही पुढं ढकलता येत नाही.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. शेजारच्या तालमीचा हॉल ठरला, जेवणाचं ठरलं, आमंत्रणाचा विषय निघाला तेव्हा धाकटे दीर म्हणाले, मोबाईलवर छान चित्र करून पाठवू, पाच मिनिटांचं काम. आत्ती पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तसलं रोज सकाळी शंभर येतंय बाबा. त्यातलं माझं कुठलं, हे कळायचं कसं?" मी तिथंच बोलून गेले, की मी हातानं करते. गेली दोन वर्षं मी घरच्या घरी वाढदिवसाची, राखीची कार्डं करते, पण एका वेळी दोन किंवा तीन. एकसारखी बेचाळीस कधी केली नव्हती.

मनात चित्र स्पष्ट होतं. कार्डावर आत्तींचा लग्नानंतरचा पहिला फोटो, त्याच्याभोवती जुन्या पंचांगाच्या पानाचे तुकडे, थोडा रंग, खाली कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचं छोटं पान, वर सुतळीची गाठ. फोटो १९७१ सालचा आहे. रंकाळ्याच्या काठावर आत्ती उभ्या आहेत, नऊवारी, नाकात मोठी नथ, मागं धूसर शालिनी पॅलेस. वय एकवीस. कॅमेऱ्याकडं न बघता त्या बाजूला बघतायत, कारण फोटोग्राफरच्या शेजारी मामंजी उभे होते.

पहिला नमुना मी राजारामपुरीतून आणलेल्या ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या, ए-फोर कागदाचा केला. मध्यात घडी घातली तर घडीच्या पाठीवर पांढरी चीर पडली, जणू कागद आतून मोडला. मी समजले कागदच खराब. दुसरा घेतला, तोच प्रकार. वर पंचांगाचं पान डिंकानं चिकटवलं. ओलं असताना कार्ड एका अंगानं फुगलं आणि वाळल्यावर उलट्या अंगानं कौलासारखं वळलं. चामड्याचं पान लावलं होतं त्याच्याभोवती सकाळी चहा सांडल्यासारखं तपकिरी कडं उमटलेलं. होम प्रिंटरवर काढलेल्या फोटोत आत्तींच्या चेहऱ्याची शाई पाण्यात विरघळून निळसर झालेली. रात्रभर जागून केलेल्या एका कार्डात इतक्या गोष्टी बिघडलेल्या बघून मला रडूच आलं.

ते कार्ड घेऊन मी गल्लीच्या टोकाला तात्यांकडं गेले. तात्यांनी चाळीसएक वर्षं बाइंडिंग केलं. शाळांची हजेरीपुस्तकं, अडत्यांच्या कीर्दी, मंदिराच्या जुन्या पोथ्या. आता डोळ्यांनी फारसं होत नाही, पण हातांना सगळं आठवतं. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेण्याऐवजी दोन्ही तळव्यांत धरलं, हलकेच वाकवलं, मग फिरवून दुसऱ्या दिशेनं वाकवलं.

"सूनबाई, तू कागदाला विचारलंच न्हाईस की."

मग त्यांनी जे दाखवलं ते मी आजवर कुठल्याच व्हिडिओत नीट समजून घेतलं नव्हतं. गिरणीतला कागद यंत्रावर धावत तयार होतो, त्यामुळं त्यातले बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेनंच पडतात. तंतूंच्या दिशेला समांतर घडी घातली तर कागद मऊपणानं वळतो. तंतूंना आडवी घातली तर ते मोडतात आणि चीर पडते. ओळखायचं कसं? कागद न मोडता नुसता वाकवायचा, आधी लांबीकडून, मग रुंदीकडून. ज्या बाजूनं तो कमी जोर करून वाकतो, घडी त्या बाजूची. आणि तंतू पाणी प्यायला की जाडीला फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. म्हणून ओला कागद एकाच दिशेला पसरतो आणि वाळताना तिकडूनच आखडतो. माझं कार्ड कौलासारखं झालं ते यामुळंच. एका अंगाला मी ओलं पान चिकटवलं, ते वाळताना आखडलं आणि कार्डाला स्वतःकडं ओढत गेलं.

"मग करायचं काय?"

"दुसऱ्या अंगालाबी तेवढाच कागद लावायचा. दोघं मिळून ओढू देत. पुठ्ठ्याला आतून अस्तर कशापायी लावतोय आम्ही? शोभेला?"

मला हे फार आवडलं. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतला तो साधा कागद मी आयुष्यभर बघत आलेय, तो तिथं का असतो हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं की बाइंडिंगसारखी गव्हाच्या पिठाची खळ करू का, मोरचूद घालून. त्यांनी हात हलवला. खळीत पाणी फार, आणि या हवेत वाळायच्या आत बुरशी धरेल. पांढरा गोंद घे, पाणी घालू नकोस, मऊ ब्रशानं मधनं कडेकडं पातळ ओढ. लावला की वरून सुका कागद ठेव आणि दाबाखाली घाल. वारा लागू देऊ नकोस. पंख्याखाली वाळवलेलं काम वाकडंच होतंय, वरचं लवकर वाळतंय, आतलं मागं राहतंय.

दाबासाठी घरात पाटा होताच. गेली कित्येक वर्षं तो मोरीजवळ भिंतीला टेकून उभा आहे, मिक्सर आल्यापासून त्याला हात लागला नव्हता. धुऊन, पुसून, दोन दिवस कोरडा केला आणि दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये कार्डं ठेवून वर पाटा ठेवला. एक चूक इथंही झाली. कार्डांच्या मध्ये मी रद्दीतली वर्तमानपत्रं घातली, ओल शोषून घ्यायला. सकाळी एका कार्डाच्या पाठीवर कुठल्यातरी जाहिरातीची अर्धी अक्षरं उलटी उमटलेली. त्यानंतर कोरा न्यूजप्रिंट आणला, आणि तो दर चार तासांनी बदलत गेले. हे बदलणं चुकवलं की कार्डं कशी दमट राहतात ते हाताला कळतं. गालाला लावलं तर आणखी चटकन कळतं. गार लागलं की आत पाणी आहे.

दुसरी अडचण वजनाची. आमची बरीच माणसं गावाबाहेर, गडहिंग्लज, निपाणी, पुणे, ठाणे. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत एक दर, पुढं प्रत्येक २० ग्रॅमला तो वाढतो. माझा चुलतभाऊ गुजरीत सोन्याचं काम करतो. त्याच्या काट्यावर पहिला नमुना पाकिटासकट ठेवला. ३४ ग्रॅम. घरी येऊन गणित मांडलं तर उत्तर कागदातच होतं. ए-फोर म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर, चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे नुसता कोरा कागदच पावणेएकोणीस ग्रॅमचा. पैशांचा प्रश्न मोठा नव्हता, पण मला २० ची मर्यादा पाळायचीच होती. जड कार्ड पाकिटात हलतं आणि कोपरे फाडतं, हे राखीच्या वेळी अनुभवलेलं होतं.

शेवटी पुण्याहून हातकागद मागवला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, आणि सुती चिंध्यांपासून केलेला तो कागद मी कॉलेजात असताना एकदा हातात घेतलेला. त्याचा स्पर्श लक्षात राहिला होता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखा. हातकागद चाळणीवर लगदा हलवून उचलतात, त्यामुळं तंतू सगळ्या दिशांना पसरतात आणि आडवं-उभं असा भेद जवळजवळ उरत नाही. घडी कशीही घाला. २२ बाय ३० इंचांचा एक ताव. त्यातून ७ बाय १० ची नऊ पानं निघतात, मध्यात दुमडली की ५ बाय ७ चं कार्ड. वर एक इंचाची लांब पट्टी उरते, ती मी अजून जपून ठेवलीय. पाच तावांची पंचेचाळीस झाली. २५० जीएसएम धरलं तर एक कार्ड सव्वाअकरा ग्रॅमचं. पाकीट सहाच्या आसपास. म्हणजे सगळ्या सजावटीला माझ्याकडं उरले जेमतेम अडीच ग्रॅम.

त्या अडीच ग्रॅमनी कार्डाचं रूप ठरवलं. सुतळी गेली. पंचांगाची पानं गेली, फक्त आत्तींच्या जन्मतिथीचा छोटा चौकोन राहिला. सगळ्यात जिवावर आलं ते चामड्याचं पान. चप्पल लाईनीतल्या एका कारागिरानं मला मूठभर कात्रणं दिली होती, त्यांचा वास, रंग, सगळं इथलं. पण कोल्हापुरीचं चामडं हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेलं असतं, आणि ओल लागली की तोच सालीचा रंग कागदात उतरतो. ते तपकिरी कडं त्याचंच होतं. पाठीला घट्ट गोंदाचे दोन थर देऊन रंग अडवता येतो, मी एका तुकड्यावर करून पाहिलं, जमतं. पण वजन? एक पान दोन ग्रॅम. कात्रणं डब्यात ठेवली, पाऊस संपल्यावर त्यांचं काही करीन.

चामड्याच्या जागी काय, हा विचार चालू असताना आत्तींनी कपाटातून एक इरकल काढलं. काळपट निळं, लाल काठ, घड्यांवर विरलेलं. मी म्हटलं, हे फोटोतलं का? "छे, ती साडी कवाच गेली. हे रोजचं. ह्यात तुझ्या नवऱ्याला खेळवलाय." आणि कात्री माझ्या हातात दिली. पहिला काप मला घालवेना. त्यांनीच साडीचं टोक ताणून धरलं.

काठाचा लाल रंग सुटतो का, ते आधी बघितलं. ओला पांढरा रुमाल दाबून धरला, रुमाल गुलाबी झाला. म्हणजे ओला गोंद चालणार नाही. काठाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. दोरे निसटू नयेत म्हणून जिथं कापायचं तिथं आधी गोंदाची पातळ रेघ ओढायची, ती वाळली की त्या रेघेवरच कात्री चालवायची. पाच इंचांची काठाची पट्टी, वजन एक ग्रॅमच्या आत. कार्डाच्या खालच्या अंगाला ती आडवी बसली आणि कार्ड एकदम घरचं वाटायला लागलं.

आता फोटो. घरच्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते, झेरॉक्सची नाही, कारण झेरॉक्सची काळी पूड म्हणजे मुळात प्लास्टिक, ती उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली असते. त्या गुणावरच फोटो उतरवण्याची एक पद्धत आहे. कार्डावर फोटोपुरत्या जागी आधी पांढरा अस्तरथर द्यायचा. मी तो घरीच केला. दोन भाग पांढरा अॅक्रिलिक रंग, एक भाग खडूची वस्त्रगाळ पूड, एक भाग गोंद. जाड दिला तर तडकतो, म्हणून दोन पातळ हात, आणि घडीपासून अर्धा इंच दूर. यामुळं हातकागद पाणी पीत नाही आणि फोटोतला उजेड उजळ दिसतो. त्यावर अॅक्रिलिक मीडियमचा, म्हणजे रंग नसलेल्या अॅक्रिलिकचा थर, झेरॉक्स त्यावर पालथी, आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं मधून बाहेर हवा काढत जायचं. एकही बुडबुडा राहता कामा नये, जिथं बुडबुडा तिथं भोक. मग वाळू द्यायचं. एरवी एक रात्र पुरते, त्या दिवसांत दीड दिवस लागत होता.

वाळलं की झेरॉक्सच्या पाठीवर ओलं बोट फिरवायचं. कागद भिजतो, त्याच्या बारीक वळकट्या होऊन निघायला लागतात, आणि खालून चित्र वर येतं. माझ्या लेकीनं मला हे करूच दिलं नाही. "आई, थांब, मी घासतो," असं म्हणत, आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, ती पहिल्या कार्डाला बसली. आधी रंकाळ्याचं पाणी आलं. मग नऊवारीचा काठ. मग हनुवटी. ती इतक्या हळू घासत होती की तिच्या बोटाखाली एकवीस वर्षांची आजी कपाळापर्यंत यायला पाव तास लागला. वर अजून पांढरट साय दिसत होती, ती दुसऱ्यांदा भिजवून काढली. जोरात घासलं तर चित्रच निघतं, हे तिला सांगावं लागलं नाही.

आत्तींना चष्मा आणून दिला. त्यांनी कार्ड खिडकीशी धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माझी नथ उजव्या नाकपुडीत कुठनं आली गं?"

पालथी घातलेली झेरॉक्स आरशासारखी उतरते. अक्षरं असली की हे लगेच लक्षात येतं, चेहऱ्यात नाही येत. आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. फोटोत त्या डावीकडं बघत होत्या, कार्डावर उजवीकडं बघत होत्या, नथ उजवीकडं, पदर उजव्या खांद्यावर. "आणि हे कुठं उभे होते माहितीय? इकडं," त्यांनी फोटोच्या बाहेर, डाव्या अंगाला बोट ठेवलं, "मी इकडं बघत होतो. तिकडं नुसती झाडं हुती." त्यांच्यासाठी सगळं चित्र त्या एका नजरेवर उभं होतं. मी दुसऱ्या दिवशी फोटो मोबाईलवर उलटा करून नव्यानं झेरॉक्स काढून आणल्या. उलट्याची पालथी, म्हणजे सुलटी.

त्यानंतर घरात एक लय बसली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी आठ झेरॉक्स चिकटवायची, संध्याकाळी लेक आदल्या दिवशीच्या आठ घासायची, आत्ती न्यूजप्रिंट बदलायच्या आणि वाळलेली कार्डं दुसऱ्या डब्यात लावायच्या. एका रात्री पाणी ३९ च्या वर गेलं, नदीकाठच्या गल्लीतले पाहुणे आमच्याकडं मुक्कामाला आले, त्यांची दोन पोरंही काठाच्या पट्ट्या मोजायला बसली. रंग कुठला, यावर त्या रात्री बराच खल झाला. लेकीनं देवघरातली पुडी आणली, माघातल्या जोतिबाच्या खेट्यांना गेलो तेव्हाचा गुलाल. तो कोरडा लावला तर बोटाला येतो, पाकिटालाही लागतो. मग चिमूटभर गुलाल मीडियममध्ये कालवला, स्पंजनं फोटोच्या एका कोपऱ्याला टिपला, वाळल्यावर वरून मीडियमचा आणखी एक हात. बोट फिरवलं, बोट कोरडं. तो कोपरा आता प्रत्येक कार्डावर वेगळा आहे, कुठं जास्त, कुठं नुसती छटा.

आतला मजकूर छापायचा नाही हे आधीच ठरलं होतं. चार ओळी मी लिहिल्या आणि खाली सही आत्तींची. त्यांचा हात थोडा कापतो. पहिल्या दिवशी पाच सह्या झाल्या, मग बोटं दुखायला लागली. रोज सहा-सात असं करत बेचाळीस पूर्ण झाल्या. तीन कार्डं वाया गेली होती. एक वर्तमानपत्राच्या शाईनं, एक बुडबुड्यानं, एक नथीनं. बाकीच्या बेचाळीसांपैकी गुजरीतल्या काट्यावर सगळ्यात जड भरलं ते १९ ग्रॅम ३०० मिलिग्रॅम. भावानं काटा दोनदा शून्य करून बघितला आणि मला पेढा दिला.

पोस्टात मी पाकिटं पेटीत न टाकता खिडकीवर नेली. तिथल्या बाईंनी एक हातात घेऊन दाबून बघितलं, आत काय आहे विचारलं, आणि मी सांगितल्यावर प्रत्येकावर शिक्का हातानं, काठाची पट्टी चुकवून मारला. सव्वीस पोस्टानं गेली, सोळा गावात हातानं दिली. तात्यांना त्यातलं एक. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाहीच. आधी घडीवरून अंगठा फिरवला, मग तळव्यावर सपाट ठेवून वाकडं होतंय का ते बघितलं. बराच वेळ ते सपाटच राहिलं.

वाया गेलेल्या तिन्हींतली दोन कार्डं मी नमुना म्हणून ठेवलीत. तिसरं, नथ उजवीकडं असलेलं, सापडेना. श्रावण सरत आला तेव्हा कळलं, ते आत्तींच्या पोथीत आहे. मी म्हटलं, अहो ते चुकलेलं आहे, चांगलं देते की दुसरं. त्यांनी पोथी मिटली. "असू दे. ह्यात मी तिकडच्या झाडांकडं बघतोय. त्या झाडांखाली नंतर आम्ही भेळ खाल्ली."